माप

जिथे आहात तिथेच बसा.

पाठ टेकवायची असेल तर टेकवा. पाय दुमडा, पसरा, जमेल तसं. घाई नाही.

पुण्याजवळचं पिरंगुट मनात आणा. चांदणी चौक मागे पडतो, भूगाव जातं, भुकूम जातं, मग घाट. घाट उतरला की गाव. हमरस्त्यावर ट्रकांचे दिवे आहेत, पाळी सुटलेल्या कामगारांच्या बस आहेत. रस्ता सोडून आत वळा. आवाज मागे राहतो. भाताची खाचरं लागतात. पाऊस आत्ताच उघडलाय. बेडूक ओरडताहेत.

एक घर. आत झिरोचा दिवा.

भिंतीला टेकून एक लहान पाय उभा आहे.

त्याच्यापाशी थांबा.

पाय गुडघ्याखालचा आहे. प्लॅस्टिकचा, वीतभर उंच, किंवा थोडा जास्त. तळाला रबराचं पाऊल. पावलाला बोटं आहेत. अंगठ्याच्या कडेला वाळलेला चिखल आहे. शेजारी एक सुती मोजा वाळत घातलाय.

मूल पालथं झोपलंय. रात्री पाय काढून ठेवायचा असतो, कातडीला वारा लागावा म्हणून.

हे घर कल्पनेतलं आहे. पाय मात्र खरा असतो तसाच बघू या.

मनात पहिल्यांदा काय आलं? ‘अरेरे’ आलं असेल. येऊ द्या. त्याला हाकलू नका, त्याच्याशी बोलूही नका. श्वास सोडा. नजर परत पायाकडे आणा.

आता वरून बघा. आत बघा.

आत पोकळी आहे. मुलाचा पाय बसतो तो इथे. दवाखान्यात हिला सॉकेट म्हणतात, आणि आता घरातली आजीही सॉकेटच म्हणते.

आज एवढंच बघायचं आहे. ही पोकळी.

हात आत घाला, मनानेच. बोटं सावकाश फिरवा.

पोकळी गुळगुळीत आहे, पण गोल नाही. पुढे, गुडघ्याच्या वाटीखालचा जाड बंध जिथे येतो, तिथे भिंत किंचित आत आली आहे. तिथे भार घेता येतो. बाहेरच्या अंगाला, पोटरीतल्या बारीक हाडाचं डोकं जिथे येतं, तिथे भिंत मागे सरली आहे. तिथे भार सोसत नाही. मागची कड खाली उतरवली आहे, गुडघा वाकावा म्हणून.

इथे टेक. इथे नको. इथून वाक.

बोटं अजून तिथेच राहू द्या. श्वास घ्या. सोडा.

हा आकार आला कुठून?

तो बघायला घाट चढून पुण्यात जाऊ. वानवडीच्या बाजूला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी ते सुरू झालं. पुढे सैन्याबाहेरच्या माणसांनाही तिथे अवयव मिळू लागले. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, ती १९५५ची. सैनिकाचं माप आणि मुलाचं माप यांत एक फरक आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

आत्ता फक्त माप घ्यायच्या खोलीत या. अशी खोली कुठल्याही केंद्रात सारखीच असते.

ओल्या प्लास्टरचा वास आहे. मूल उंच बाकावर बसलंय. पायाच्या टोकावर पातळ मोजा चढवलाय. तंत्रज्ञ बोटांनी चाचपतो. हाड लागलं की रंगीत पेन्सिलीने खूण करतो. प्लास्टरची पट्टी कोमट पाण्यात बुडवतो, पिळतो, गुंडाळतो. एक वेढा. दुसरा वेढा.

मग दोन्ही तळव्यांत तो पाय धरून बसतो.

तुम्हीही धरून बसा.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. मुलाला ते कळतं. “गरम लागतंय,” ते म्हणतं. तंत्रज्ञ मान हलवतो. हात हलवत नाही.

या काही मिनिटांत करण्यासारखं काहीच नसतं. हात हलला तर माप बिघडतं. नुसतं धरून राहायचं. या सगळ्या कामातली हीच पायरी मला सगळ्यात अवघड वाटते, कदाचित आपल्याला काहीतरी करत राहायची फार सवय आहे म्हणून.

धरून राहा.

ऊब तळव्याला लागू द्या.

मग कवच निघतं. त्यात पातळ प्लास्टर ओततात. ते आळलं की कवच सोलून काढतात, आणि एक पांढरा पाय हाती येतो, पेन्सिलीच्या खुणांसकट. तंत्रज्ञ तो कानशीने घासतो. भार घ्यायचा तिथे थोडं खरवडतो. सोसत नाही तिथे थोडं प्लास्टर चढवतो. भट्टीत तापून मऊ झालेलं प्लॅस्टिक त्यावर ओढतो, मधली हवा शोषून घेतो, प्लॅस्टिक अंगाला चिकटतं. थंड होऊ देतो.

शेवटी आतलं प्लास्टर फोडतो. पांढरे तुकडे जमिनीवर पडतात. कुणीतरी झाडू मारतं. उरते ती पोकळी.

लांबीसाठी दुसरा पाय मोजलेला असतो, तेवढाच. बाकी सगळं माप जो पाय आहे त्याचं. जे आलंच नाही, ते मोजायला कुणी बसलेलं नाही.

इथे जरा वेळ राहू या.

जो आहे, त्याचं माप.

आता आणखी मागे जाऊ. मूल जन्मायच्या आधी.

आईच्या पोटात चौथा आठवडा आहे. गर्भ काही मिलिमीटरचा. २६व्या दिवसाच्या सुमाराला अंगाच्या कडेला हाताचा कोंब दिसतो. दोनेक दिवसांनी पायाचा. आठवा आठवडा संपेपर्यंत बोटंही सुटी झालेली असतात. कित्येकदा तोवर आईने ही बातमी घरात नीट सांगितलेलीही नसते.

कोंब बघा. वाढतो आहे. काही ऐकू येत नाही.

एखाद्या गर्भात याच दिवसांत एक कोंब अर्ध्यावर थांबतो. कधी रक्त पोहोचण्यात खंड पडतो. कधी कारण जनुकांत असतं. कधी गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचा धागा सुटतो आणि बोटाला, पावलाला करकचून बसतो. पुष्कळदा डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही.

घरात मात्र कारण सापडलेलं असतं.

“गिऱ्हाण पाळलं नव्हतंस का गं?” कुणीतरी विचारतं. आवाजात राग नसतो. म्हणूनच तो प्रश्न आत जाऊन बसतो.

त्या बाईकडे बघा. ती आठवते आहे. त्या दिवशी विळी घेतली होती का? भाजी चिरली होती का? सुईत दोरा ओवला होता का? ती बोटांवर महिने मोजते. रात्री, सगळे झोपल्यावर, पुन्हा मोजते.

तिच्या शेजारी बसा. समजावू नका.

बोलायचा मोह मलाही आवरत नाही, तर एकच वाक्य: ग्रहणाची सावली गर्भापर्यंत पोहोचत नाही, आणि विळीची धारही नाही.

आता पुन्हा गप्प राहू.

तिचे हात बघा. ती मुलाच्या पायाचं टोक साबणाने धुते. पंचाने टिपते. दिव्याखाली धरून कुठे लाल झालंय का ते बघते. अंगठ्याने दाबते, सोडते. लाली जाते का, तेवढं बघायला थांबते.

मोजणारी बोटं तीच. आत्ता ती मोजत नाहीत.

आणि मूल? त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याचं काही हरवलेलं नाही. पहिल्या दिवसापासून त्याचं अंग हेच. या अंगाने ते कुशीवर वळलं, पालथं पडलं, सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेलं. हात कमी असेल तर मूल बसायला लागल्यावर हाताचा विचार करतात. पाय कमी असेल तर ते कशाला तरी धरून उभं राहायला लागल्यावर, वर्षाच्या आतबाहेर. वेळ मूल ठरवतं. बाकीच्यांनी तोवर दवाखान्याशी ओळख करून ठेवावी, एवढंच.

श्वास घ्या.

पुढे एक अवघड जागा आहे. हळू जाऊ.

काही मुलांत पाय असतो, पण आतलं एक हाड नसतं. पोटरीतलं बारीक हाड आलेलं नाही. घोटा डगमगता, पाऊल वळलेलं, बोटं तीन किंवा चार. पाय आखूड, आणि मूल वाढेल तसा फरकही वाढत जाणारा.

त्या पावलाकडे बघा. ते ऊन आहे. गुदगुल्या केल्या की तिन्ही बोटं आकसतात.

सर्जन दोन वाटा सांगतात.

एक वाट लांब. हाड कापायचं, बाहेरून कड्या आणि तारा लावायच्या, आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर, पाव-पाव करून, ते लांबवत न्यायचं. फटीत नवं हाड भरत जातं. सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. इलिझारोव्ह यांनी ही पद्धत बसवली. फरक थोडा असेल आणि पाऊल भार घेणारं असेल, तर ही वाट.

दुसरी वाट आखूड. पाऊल घोट्यातून काढायचं. टाचेची जाड कातडी मात्र राखायची आणि हाडाच्या टोकाखाली बसवायची, म्हणजे त्या टोकावर उभं राहता येतं. मग माप, मग सॉकेट, मग चालणं.

असलेलं पाऊल काढायचं.

श्वास अडकला असेल. सोडायची घाई करू नका. तो आपोआप सुटेल.

बाहेरच्या बाकावर आई आणि बाबा बसले आहेत. बाबांच्या हातात मोबाईल आहे. पडदा काळा आहे. तरी ते त्याच्याकडेच बघताहेत. आईच्या मांडीवर मूल, मुलाच्या पायात लोकरीचा मोजा, दोन्ही पायांत.

त्यांच्याजवळ बसा. काही सुचवू नका.

चांगला डॉक्टर इथे घाई करत नाही. घरी जा, बोला, परत या, म्हणतो. अशा पायाने चालणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलाशी गाठ घालून देतो. ते मूल जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर येतं. आई त्याच्या पायाकडे बघते, मग तोंडाकडे. मग पायाकडे बघायचं विसरते.

मुलांच्या शस्त्रक्रियेत वाढीवर नजर ठेवून चालावं लागतं. हाडांच्या टोकांशी वाढीचे पट्टे असतात. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. म्हणून काढायची वेळ आलीच तर शक्यतो हाड मधून कापत नाहीत, सांध्यातून काढतात. मधून कापलेलं हाड मुलांत टोकाशी वाढतच राहतं, आणि कातडीला आतून टोचायला लागतं.

हाडाला थांबायचं ठाऊक नाही. ते आपलं वाढत असतं.

आणखी एक शस्त्रक्रिया आहे. नुसती बघा. मत नंतर.

गुडघ्यापाशी हाडाचा कर्करोग आहे, किंवा मांडीचं हाड जन्मतःच फार आखूड आहे. पोटरी आणि पाऊल चांगलं आहे. मग तो चांगला भाग वर घेतात, अर्धा फिरवतात, आणि मांडीला जोडतात. टाच पुढे येते. बोटं मागे जातात. घोटा गुडघ्याच्या जागी येतो. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग झालेल्या मुलांवर ही शस्त्रक्रिया होते.

मागे तोंड केलेलं पाऊल. बघत राहा.

पहिल्यांदा नजर सरकते. तिला परत आणा.

आता मूल बोटं खाली दाबतं. कृत्रिम पाय गुडघ्यात सरळ होतो. पाऊल वर ओढतं. पाय वाकतो. घोटा गुडघ्याचं काम करतो आहे. पुन्हा दाबतं, पुन्हा ओढतं. मुलाला हसू येतं. तुमचं स्वतःचं पाऊल या वाक्याबरोबर किंचित हललं असेल. हलू द्या.

पुन्हा पिरंगुटच्या त्या भिंतीपाशी या.

अंगठ्याकडे बघा. वाळलेला चिखल.

बुटात घालायला बनवलेलं कडक पाऊल जुन्या काळी आपल्याकडे आलं, तेव्हा त्याने उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी तर चालताच येईना. १९६०च्या दशकाच्या अखेरीला जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचं पाऊल तयार केलं. ते खाली-वर वाकतं, बाजूला झुकतं, भिजलं तरी चालतं. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्या मानाने कमी घेतलं जातं, आणि मला ते दर वेळी खटकतं. हात त्यांचे होते.

पिरंगुटच्या मुळशी तालुक्यात जूनमध्ये रोपं वर येतात, जुलैत लावणी. मोठी माणसं ओणवी होऊन चिखलात उतरतात. मूल बांधावर उभं राहील असं तुम्हाला वाटतं का?

चिखलात पाऊल टाका. एक पाऊल तुमचं. त्याला गार लागतं, बोटांमधून चिखल वर येतो. दुसरं रबराचं. त्याला काही लागत नाही. पण पाऊल रुतलं, हे गुडघ्याला कळतं. सॉकेटच्या भिंतीवर भार कुठे सरकला, ते कातडीला कळतं. जमीन आता थोडी वर कळते.

तिथे लक्ष न्या. थोडं वर.

आता सैनिकाच्या आणि मुलाच्या मापातला तो राहिलेला फरक.

मोठ्या माणसाच्या पायाचं माप बरीच वर्षं तेच राहू शकतं. मुलाचं राहत नाही. पाच वर्षांचं होईपर्यंत साधारण दर वर्षी नवा पाय. मग बारापर्यंत दर दोन वर्षांनी. त्यापुढे तीन-चार वर्षांनी. इतक्या निगुतीने घासलेली, दाबलेली, तापवलेली पोकळी, आणि ती लहान होण्यासाठीच बनते.

शिबिरं भरतात, तिथे फुकट पाय मिळतो, फोटो निघतो. चांगलंच आहे. पण फोटोतलं मूल पुढच्या वर्षी वाढलेलं असतं. त्याला शिबिरापेक्षा पुन्हा पुन्हा जाता येईल असं केंद्र हवं, आणि तिथे त्याचं जुनं माप ओळखणारं कुणीतरी.

माळ्यावर जुने पाय आहेत. सगळ्यात लहान मुठीत मावेल असा. ते तिथे राहू द्या.

एक मुलगीही मनात आणा. तिचा डावा हात कोपराच्या थोडा खाली थांबला आहे. तिला हात बसवून दिलाय, बोटं असलेला, दिसायला छान. शाळेतून आली की ती तो काढून ठेवते. हळूहळू शाळेतही नेईनाशी होते. घरचे रागावतात. एवढा खर्च, एवढ्या खेपा.

तुमचं कोपर टेबलावर टेका. किंवा जमिनीवर. डोळे मिटा.

गार आहे का? खरखरीत आहे का? कड कुठे आहे?

थोडं सरकवा. पुन्हा विचारा.

तिच्या हाताच्या टोकाला हे सगळं कळतं. तुमच्या कोपरापेक्षा कितीतरी जास्त. वही सरकते कधी, ताटाची कड कुठे, भावाच्या पाठीला घाम आलाय का. प्लॅस्टिक चढवलं की हे सगळं झाकलं जातं. ती हात काढते तेव्हा कातडी उघडी करते. कोपराखालून हात नसलेली बरीच मुलं असंच करतात, आणि बहुतेक कामं त्यांना कृत्रिम हाताशिवायही तितकीच नीट जमतात. सायकलच्या हँडलसाठी वेगळं साधन लागेल, कदाचित पेटी वाजवताना लागेल. तेव्हा ती मागेल.

नको म्हणणं हेही तिने दिलेलं माप आहे.

डोळे उघडा, सावकाश.

पाऊस संपतो. पिरंगुटचं ते मूल आता पाय ओढत चालतंय, असं आजीच्या ध्यानात येतं. घाट चढून, भुकूम, भूगाव, चांदणी चौक, शहर ओलांडून ते परत त्या खोलीत आलंय. नवं माप, नवं प्लास्टर, नवी पोकळी. आज पाय घालून बघायचा आहे. दोन समांतर दांड्यांच्या मधे मूल उभं राहतं. इकडून तिकडे जातं. परत येतं.

“कुठं टोचतंय का?” तंत्रज्ञ विचारतो.

खोलीतले सगळे गप्प होतात. डॉक्टरही. पोकळीच्या आत काय चाललंय, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. आई सांगू शकत नाही, यंत्र सांगू शकत नाही. मूल खाली बघतं. भार एका पायावरून दुसऱ्यावर नेतं. आतलं ऐकतं.

थांबा त्याच्यासाठी.

“इथं,” ते म्हणतं, आणि बोट ठेवतं.

पेन्सिलीची खूण होते. पाय काढतात. गरम हवेच्या झोताखाली तेवढीच जागा मऊ करून तंत्रज्ञ ती आतून बाहेर दाबतो, रुपयाएवढी. गार होऊ देतो. पुन्हा घालतो. मूल पुन्हा दांड्यांमधून जाऊन येतं.

“आता?”

“थोडं टोचतंय अजून.”

“बरं,” तंत्रज्ञ म्हणतो, आणि पुन्हा पेन्सिल उचलतो.